डाव्या कोपऱ्यातून

आपल्याकडे बास्केटबॉलमध्ये प्रोफेशनल होणं म्हणजे खेळाच्या कोट्यातून नोकरी लागणं. सकाळी हजेरीची सही, दुपारी सराव आणि साठाव्या वर्षी नारळ. मला नेमकं तेच हवं होतं. बी.कॉम.चं शेवटचं वर्ष, अभ्यासाची बोंब, आणि गिरीज गावातल्या आमच्या घरी माझ्यासाठी स्थळं यायला लागली होती. त्यातलं एक तर जेमतेम माझ्या खांद्याला लागत होतं.

मी स्मॉल फॉरवर्ड. नाव स्मॉल, उंची पावणेसहा फूट. या जागेवरच्या खेळाडूने पुढे धावायचं, मागे येऊन अडवायचं आणि कोपऱ्यात मोकळी सापडली तर तिथूनही बास्केट करायची. घरातल्या मधल्या मुलीसारखं, कुणाचंही काम अडलं की हाक हिलाच.

मोसमाच्या पहिल्याच सामन्याला एका सरकारी कंपनीच्या संघाच्या कोच मॅडम आल्या. त्यांना या जागेसाठी एक मुलगी हवी होती. मी जीव तोडून खेळले. फक्त डाव्या कोपऱ्यात तीनदा साफ मोकळी सापडले आणि तिन्ही वेळा चेंडू दुसरीच्या गळ्यात मारला.

सामन्यानंतर मॅडम म्हणाल्या, "खेळतेस छान. पण त्या कोपऱ्यात तुला भूत दिसतं का? शनिवारी परत येतेय. तिथून टाकणार नसशील तर मला तुझा उपयोग नाही."

भूत नव्हतं, बावखल होतं. आमच्या चर्चमागच्या मैदानाला लागूनच वाडीला पाणी देणारं ते तळं आहे. डाव्या कोपऱ्यातून नेम चुकला की चेंडू रिंगवर आपटून पलीकडे, थेट त्या हिरव्या पाण्यात. फादरांचा नियम असा की ज्याने चेंडू घालवला त्याच्या घरच्याने उतरून काढायचा. बाकीच्या मुलींचे भाऊ उतरायचे. मला भाऊ नाही, त्यामुळे पप्पांना केळीच्या वाडीतून बोलवून आणावं लागायचं. ते पँट दुमडून छातीभर पाण्यात शिरायचे, आणि काठावरची म्हातारी मंडळी त्यांना फुकटचा सल्ला द्यायची. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. दहाव्या वर्षी मी त्या कोपऱ्याचा नाद सोडला. कन्फेशनमध्ये सांगायची पापं मला कमी नव्हती, त्यात ही भर नको.

हे सगळं मी घरी सांगितलं. आई म्हणाली, "मग दुसरा खेळ खेळ."

दुसऱ्या दिवशी सकाळी मैदानावर गेले तर पप्पा आधीच बावखलात उभे. कमरेच्या वर शेवाळ, डोक्यावर टोपी.

"टाक बाय," ते म्हणाले. "मी पान्यातच हाय."

शनिवारपर्यंत रोज सकाळी हेच. मी चुकायचे, ते चेंडू फेकायचे, ओला चेंडू हातातून निसटायचा, मी परत चुकायचे. तिसऱ्या दिवशी त्यांना सर्दी झाली. आईने दोघांनाही एकाच दमात झापलं. शुक्रवारी मात्र निम्मे चेंडू रिंगमधून जायला लागले आणि पप्पा पाण्यात नुसतेच उभे राहून कंटाळले.

शनिवारी ते पहिल्यांदाच माझा सामना बघायला हॉलमध्ये आले. रविवारी चर्चमध्ये मिस्साला घालायचा इस्त्रीचा शर्ट, तेच बूट, अगदी पुढच्या रांगेत. मॅडम त्यांच्या मागेच बसल्या होत्या.

पाचव्या मिनिटाला मी डाव्या कोपऱ्यात मोकळी सापडले. टाकला. चुकला. चेंडू रिंगवर आपटून उजवीकडे उडाला, आणि पप्पा उठून त्याच्यामागे धावले. धावता धावताच वाकून पँट दुमडायला लागले. लाइनीवर पोचल्यावर त्यांना फरशी दिसली. अख्खा हॉल हसला. रेफरीने शिट्टी मारली.

इतर वेळी मी लाजेने मेले असते. त्या दिवशी लाज वाटलीच नाही. मग मी त्याच कोपऱ्यातून आणखी चार टाकले. तीन आत गेले.

शेवटी मॅडम म्हणाल्या, "सोमवारी ट्रायलला ये. ते गृहस्थ कोण?"

मी मागे पाहिलं. उरलेला सामना पप्पा जागेवर जाऊन बसलेच नव्हते. उजवीकडे लाइनीबाहेर उभे होते, पँटचा एक पाय अजून दुमडलेला.

"माझे पप्पा," मी म्हणाले. "चेंडू काढायला आलेत."