बाबांचा ऑकलंडमधला आषाढ

बाबा माझ्याकडे ऑकलंडला आले ते २०१४मध्ये, आई गेली त्याच वर्षी. बॅगेत कपडे कमी आणि सुंठ, हिंग, सैंधवच जास्त. माणूस पहिल्यापासून ऋतुचर्येवाला. उजाडायच्या आत उठायचं, कोमट पाणी प्यायचं, दुपारचं जेवण ऊन डोक्यावर असताना आणि रात्रीचं दिवेलागणीच्या आत. पुण्याहून आणलेलं कॅलेंडर त्यांनी माझ्या फ्रिजवर लावलं आणि आषाढ लागला तसं जाहीर केलं, "पावसाळ्यात अग्नी मंद असतो. आता जड काही करू नकोस."

बाहेर पाऊस धो धो पडतच होता. मग काय, मुगाचं कढण, लाह्या, सुंठ घातलेलं ताक. वाढलं तेवढं खायचे आणि "पुरे" म्हणून उठायचे. आई गेल्यापासून त्यांनी मागून असं काही घेतलंच नव्हतं.

जुलै अर्धा होईतो त्यांची पँट कमरेवर राहीना. गालफडं बसली. मी मनुरेवा भागातल्या एका फार्मसीत काम करायचे, वजन उतरलेली माणसं रोज काउंटरपुढे बघायचे. आणि आईचंही असंच सुरू झालं होतं. आधी ब्लाउज ढिले झाले, मग तपासण्या, मग सगळं भराभर. बाबांच्या तपासण्या करून घेतल्या आणि रिपोर्ट येईपर्यंत दिवसातून दहादा फोन बघायचे. राग मात्र काढायचे त्यांच्यावरच.

"अहो, दोन घास जास्त खाल्लेत तर काय आभाळ कोसळणार आहे?"

"अगं, शास्त्र आहे ते," बाबा शांतपणे म्हणायचे.

आमच्या डॉक्टरीणबाई इथल्याच, गोऱ्या. "किया ओरा" असा माओरी नमस्कार करून त्यांनी आत घेतलं आणि आम्ही बसायच्या आत सांगून टाकलं, रिपोर्ट सगळे नॉर्मल. मी हुश्श म्हणतेय तोच बाईंनी विचारलं, मग वजन का उतरतंय? खातात काय हे? मी मोठ्या ऐटीत समजवायला लागले, आमच्याकडे पावसाळ्यात ना, हलकं खातात...

"कुठला पावसाळा?" बाई म्हणाल्या. "भर हिवाळा आहे हा. हात बघ त्यांचे, बर्फ झालेत."

मी बाबांकडे बघितलं. अंगात दोन स्वेटर, गळ्यात मफलर, डोक्याला कानटोपी. कसला आषाढ आणि कसलं काय! पाऊस पडतोय ना, म्हणून आम्ही दोघंही पुण्याचाच महिना धरून चाललो होतो. आणि म्हणे मी फार्मसिस्ट!

गाडीत बाबा बोटांवर महिने मोजत बसले. मग म्हणाले, "म्हणजे हा हेमंत." जरा थांबून, "हेमंतात अग्नी प्रखर असतो गं. त्याला सरपण मिळालं नाही तर तो शरीरच खायला लागतो. हे मीच आख्ख्या सोसायटीला ऐकवत आलोय." आणि खो खो हसत सुटले. मीही हसले, हसता हसता रडायलाच लागले, गाडी कडेला घ्यावी लागली. आईसारखं नव्हतं. नव्हतंच ते आईसारखं.

वाटेत बाजरीचं पीठ आणि गूळ घेतला. माझ्या भाकरीला कडेने चिरा पडल्या, पण फुगली बऱ्यापैकी. बाबांनी तिच्यावर लोण्याचा हा एवढा गोळा ठेवला, गूळ कुस्करला आणि जेवायला लागले. बाहेर अजून उजेड होता. मी तव्यापाशीच उभी होते.

"आणखी एक टाक," बाबा म्हणाले.