हक्कसोडपत्रावरची सही

माझे बाबा खोताचं कूळ होते. जमीन खोताची, कसायची आम्ही. कूळ कायदा आला तेव्हा तहसीलदाराने वाडीतल्या एकेकाला विचारलं, जमीन कोण कसतं? खोत समोरच बसलेला. त्याच्या भिडेपोटी कितीतरी जण म्हणाले, आम्ही नाही. बाबा म्हणाले, मी. जमीन त्यांच्या नावावर झाली. ही गोष्ट ते जन्मभर सांगायचे आणि शेवटी म्हणायचे, "भीड ही भिकेची बहीण, बाय. लक्षात ठेव."

लक्षात ठेवलं, कप्पाळ!

बाबा गेले आणि धाकट्या भावाने हक्कसोडपत्र पुढे केलं. आमच्यात बहिणी सही करतात. न करणारीला माहेरी कुणी पाणी विचारत नाही. मी मुंबईतल्या नाहूरहून रजा टाकून गेले आणि मुकाट्याने सही केली. वहिनीने साडी नेसवली, ओटी भरली. वाटलं, जमीन गेली तर गेली, माहेर तर राहिलं.

पुढे नवरा गेला. मुलगी परदेशात. "काकू, बऱ्या ना?" असं लिफ्टमध्ये कुणीतरी विचारतं आणि उत्तराआधी आपल्या मजल्यावर उतरून जातं. दिवसभरात तेवढंच बोलणं. एकटेपणाने जीव नुसता विटून गेलाय.

यंदा कळलं, बाबांच्या बांधाला लागूनच एक तुकडा विकायला निघालाय. घ्यावा, दोन खोल्या बांधाव्यात, उरलेले दिवस तिथे काढावेत. हौसेने भावाला फोन केला.

"ताई, तुझ्याकडे शेतकरी दाखलो आसा?"

"म्हणजे?"

"सातबाऱ्यार तुझा नाव खंय आसा आता? शेतकरी नाय तेका शेतजमीन घेवक येणा नाय. कायदोच तसो आसा. कसणाऱ्याची जमीन भायल्यांनी लाटू नये म्हणान."

"अरे, मी बाबांची मुलगी ना रे!"

"ता खरा. पण सही केलंस ना."

बाबांना ज्या कायद्याने मालक केलं, त्याच कायद्यात मी बाहेरची. आणि बाहेरची झाले ती माझ्याच हाताने.

मग लाज सोडून विचारलं, "तुझ्याकडेच येऊन राहू का रे?"

पलीकडे वहिनी काहीतरी पुटपुटली. मग तो म्हणाला, "मे म्हयन्यात ये ना. चार दिस."

सांगायचं होतं, चार दिवस नकोत, कायमची येते, बापाचं घर आहे माझ्या.

"बरं," मी म्हटलं. "चार दिवस येईन."