मोजणीच्या आदल्या संध्याकाळची धार

मारामुरेशच्या डोंगरात तोडोसियाबाईंइतका संशयी जीव शोधून सापडला नसता. पाद्र्याने दिलेला प्रसादाचा तुकडासुद्धा त्या हुंगून खातात, असं गाव म्हणायचं. नवरा गेल्यावर चौदा मेंढ्या आणि हा संशय, एवढीच त्यांची इस्टेट उरली होती.

मे महिन्यात सगळ्यांच्या मेंढ्या गाव्रिला मेंढपाळाच्या कळपात जात, तेव्हा दुधाची मोजणी व्हायची. आदल्या संध्याकाळी गाव्रिला साऱ्या मेंढ्यांची धार काढून कास रिकामी करायचा. दुसऱ्या दिवशी ज्याने त्याने आपापल्या मेंढ्यांची धार काढायची. बादलीत उभी केलेली काठी जिथवर भिजेल तिथे खूण, आणि त्या खुणेच्या हिशेबाने गाव्रिलाकडून वर्षाचं चीज मिळायचं. बाईंचा हिवाळा त्या चीजवरच निघायचा.

यंदा त्यांच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. गाव्रिला आदल्या संध्याकाळी कुणाच्या तरी मेंढ्यांची धार अर्धीच काढतो, म्हणजे दुसऱ्या दिवशी त्याची खूण वर. असणार त्याचा कुणी सोयरा. त्या तिपाई घेऊन मेंढवाड्यातच ठाण मांडून बसल्या. सोयऱ्यांच्या मेंढ्या पार कोरड्या झाल्या, तसा बाईंचा हिरमोड झाला. मग त्यांच्या स्वतःच्या मेंढ्या पुढे आल्या आणि गाव्रिला रेंगाळला.

"मावशी, गार वारा सुटलाय. घरी जा की आता."

"मी नाही हलायची. माझ्यादेखत शेवटचा थेंब काढ. उद्या कुणी माझ्याकडे बोट दाखवायला नको."

त्याने काढला.

दुसऱ्या दिवशी बाईंची खूण दर वर्षीपेक्षा चार बोटं खाली आली. भर गर्दीत त्यांनी गाव्रिलाला चोर ठरवलं. त्याने त्यांना कुंपणाआड नेलं आणि हळू आवाजात सांगितलं, "तीन वर्षं झाली, तुझ्या आखडलेल्या बोटांनी पुरी धार निघत नाही, मावशी. निम्मं दूध कासेतच राहतं. म्हणून आदल्या संध्याकाळी मी तुझ्याच मेंढ्यांची धार अर्धीच काढायचो. यंदा तू समोर बसलीस."

बाईंनी हात शालीखाली घेतले. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. शंका खरी होती, फक्त ती सवलत त्यांनाच मिळत होती. काठीवरची खूण गावासमोर कोरली गेली होती, आता ती गाव्रिलालाही हलवता येणार नव्हती.

शरद ऋतूत गाव्रिला त्या खुणेप्रमाणे निघालेला चीजचा लहानसा गोळा देऊन गेला. तो बाईंनी हिवाळाभर पुरवून पुरवून खाल्ला, आणि एकदाही हुंगला नाही.