कोंडाळ्याची कडी

आक्काची पहिली गाय कचरा खाऊन मेली. आक्का माझी थोरली बहीण, निपाणीला दिलेली. नवरा गेल्यापासून दुधावर घर चालवायची. दारात वैरण पुरत नाही, म्हणून धार काढली की गाय सोडायची आणि गाय थेट गल्लीच्या कोपऱ्यावरच्या कोंडाळ्यात तोंड घालायची. कोंडाळा म्हणजे कचऱ्याची मोठी लोखंडी पेटी, साऱ्या गल्लीत मिळून एक. झाकण होतं, पण ते लावायची तसदी कुणी घेईल तर शपथ. मी भेटायला गेलो तेव्हा आक्का रिकाम्या दाव्याकडं बघत बसली होती.

"तू बेळगावात कपाटांची कुलपं करतोस न्हवं?" ती म्हणाली. "मग त्या कोंडाळ्याला एक कर की रं. तांबडी गाभण हाय. ती बी तिथंच जाणार."

तांबडी ही तिची दुसरी गाय. आता घरात तेवढीच उरलेली.

"कचऱ्याला कुलूप? लोक हसतील गं मला. गाय बांधून घाल की."

"वैरण धाड कंग्राळीवरनं, बांधते."

कंग्राळी म्हणजे बेळगावाजवळचं आमचं गाव. तिथलं आमचं रान केव्हाच वाटण्यांत गेलं होतं.

नगरपालिकेच्या साहेबानं परवानगी दिली, वर एक अक्कलही दिली. बॅटरीचं करा म्हणाला, हात दाखवला की उघडणारं. मी म्हटलं, साहेब, त्या पेटीतनं जो रस गळतो त्यात तुमची बॅटरी टिकली तर नाव बदलीन. शिवाय त्या कोपऱ्यावर दिव्याला करंट नाही, कचऱ्याला कुठनं आणायचा?

पहिलं कुलूप साधं चावीचं केलं आणि घरोघरी चावी दिली. पण निपाणीची माणसं लई हुशार! चावी हरवायला नको म्हणून गल्लीनं मिळून एक चावी शेजारच्या खांबाला सुतळीनं बांधली. पुढं तेही जड झालं आणि कुलूपच काढून खांबाला अडकवलं. कचरागाडीचा ड्रायव्हर तर माझ्यावरच उखडला. गाडी पेटी उचलून उलटी करते, तो कशाला खाली उतरून कुलूप उघडत बसेल? "चावी गीवी बेडा," म्हणाला, म्हणजे ते काही नको. "उलटं केलं की उघडाय पायजे, येवढंच."

येवढंच! त्या येवढंच-पायी माझी जेवणावरची वासना उडाली. शेवटी झाकणाला कडी केली, तिच्यामागं एक तिरकी नळी बसवली आणि तिच्यात बेअरिंगचा मोठा छर्रा सोडला. पेटी उभी असली की छर्रा आपल्या वजनानं कडीला टेकून बसतो, कडी हलत नाही. उलटी झाली की छर्रा गडगडत मागं जातो आणि झाकण मोकळं होतं. माणसांसाठी पुढं पत्र्याचा आडोसा केला. खालनं हात वळवून आत घालायचा, बोटानं पट्टी उचलायची, की छर्रा बाजूला सरतो. माणसाच्या पंजाला ते जमतं, गाईच्या तोंडाला नाही. झाकणाला वजन लावलं, म्हणजे हात काढला की आपोआप मिटणार. पहिला छर्रा कचऱ्याच्या पाण्यानं गंजून नळीतच चिकटला. त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत तो ठोकून काढला, स्टेनलेसचा घातला आणि पाणी निघून जायला नळीला भोक पाडलं.

परीक्षेला तांबडीलाच आणली. पेटीत गुळाचा खडा आणि हिरवा मका टाकला. तिनं नाकानं ढकललं, शिंग लावलं, आडोसा चाटून चाटून लख्ख केला. झाकण हललं नाही. शेवटी तिनं माझ्याकडं बघून नाक फुरफुरलं.

"बघ, शिव्या देतीया तुला," आक्का म्हणाली आणि पदर तोंडाला लावून हसली. गाय गेल्यापासून तिला हसताना मी बघितलं नव्हतं. मी फुगलो. खोटं कशाला सांगू, गावभर सांगत हिंडलो.

एक गोष्ट मात्र माझ्या ध्यानात आली नाही. आमच्याकडं अन्न कचऱ्यात टाकायला बाईचा हात धजत नाही. उरलेली भाकरी, भात गाईच्या मुखी लागावा म्हणून बाजूला ठेवतात. आणि आता त्यासाठी माझं झाकण तयार होतं. सपाट, स्वच्छ, कमरेइतक्या उंचीचं, देवापुढच्या पाटासारखं. मुंग्या लागू नयेत, सांडू नये म्हणून सगळं कॅरीबॅगेत घालून, वर घट्ट गाठ मारून ठेवायचं.

एकदा मी गेलो असताना एक मावशी अशीच पिशवी ठेवताना सापडल्या. माझ्या डोक्यात तिडीक गेली.

"मावशी, आत टाका की! कडी कशाला केलीया मी?"

"आत? अन्न कोंडून घालायचं व्हय? पाप लागंल."

"मग गाठ तरी सोडा!"

"सोडली तर सांडतंय सगळं. गाईला दात हाईत की."

मी आवाज चढवला. आणखी चौघीजणी गोळा झाल्या आणि मी गाईच्या तोंडचा घास काढून घ्यायला आलोय, असं माझ्याकडं बघायला लागल्या. मी हात टेकले.

आक्का कुणाशी भांडली नाही. सकाळी तांबडी सोडायच्या आधी ती कोपऱ्यावर जायची, गाठी सोडायची, अन्न फरशीवर काढायची आणि पिशव्या आत टाकायची. संध्याकाळी परत तेच. तांबडी व्याली, कालवड झाली, दूध वाढलं. आक्काच्या अंगावर जरा तेज आलं.

सर्वपित्री अमावास्येला वडिलांचं पान असतं. त्यासाठी आक्का कंग्राळीला आमच्या घरी आली. शेजारणीला सांगून आली होती की धार काढ आणि गाय सोड. गाठींचं सांगायचं तिच्या डोक्यातच आलं नाही. रोज हातानं होणारं काम, कुणाला सांगायचं असतं हे तिच्या मनात कसं येणार?

आणि त्या दिवशी घराघरातनं गाईचा घास निघतो.

दुसऱ्या दिवशी निपाणीला परतल्या परतल्या तिचा फोन आला. "पोट फुगलंय रं. रवंथ करंना झालीया." मी मिळेल त्या गाडीनं पोचलो. जनावरांच्या डॉक्टरांनी डावी कूस कापली आणि कोपरापर्यंत हात घातला. पिशव्यांचा पिळा बाहेर आला, काळा, जुना, आक्काच्या नजरेतनं सुटलेल्या कैक दिवसांचा. त्याच्यावर ताज्या पिशव्या. एकीची गाठ अजून तशीच होती. डॉक्टरांनी ती कापली. आत वडे, पोळी आणि खिरीतला भात. आमच्या घरी वडिलांना वाढलं होतं, तेच सगळं.

दुपारी तांबडी गेली. कालवड तिच्या कासेला ढुशा देत होती, तिला ओढून बाजूला न्यावं लागलं.

आक्कानं तांबडीच्या गळ्यातलं दावं सोडलं. मग म्हणाली, "उघडं होतं तवा एक गेली. बंद केलंस तवा एक गेली. तुझ्या कडीचा दोष न्हाय रं." ते शेवटचं ती बोलली नसती तर मला सोसलं असतं. मी गोठ्यामागं जाऊन ढसाढसा रडलो.

संध्याकाळी त्याच मावशी आल्या. आक्काच्या गळ्यात पडून रडल्या, आणि खरंच रडल्या. त्यांच्या डोळ्यांत वाईटपणाचा लवलेश असता तर मला भांडता तरी आलं असतं. जाताना कालवडीसाठी पोळी देऊन गेल्या. कॅरीबॅगेत, वर गाठ मारून. आक्कानं नखानं गाठ सोडली, पोळी काढून घेतली आणि पिशवी चुलीत घातली.

मी झाकण बदललं. घराच्या कौलासारखं उतरतं केलं, वर काही टिकायलाच नको. बसवून झालं तेव्हा वाटलं, आता कसं ठेवतात बघू! पुढच्या खेपेला गेलो तर पिशव्या माझ्या पत्र्याच्या आडोशाला अडकवलेल्या होत्या, ओळीनं. बरोबर गाईच्या तोंडाच्या उंचीवर.

कडी अजून छान चालते. ड्रायव्हर मला बघितलं की हात करतो.

वैरण आता मी बेळगावहून विकत घेऊन धाडतो, पण पुरत नाही. कालवड मोठी झालीय आणि दावणीला बांधलेली असते. गल्लीतल्या बाकीच्या गाई सकाळी कोपऱ्याकडं निघाल्या की ती दावं ताणते आणि हंबरते, ऐकवत नाही. आक्का तिच्या मानेवरनं हात फिरवत बसून असते.

"वरड बाई, वरड," म्हणते. "पर घरात वरड."