ओटी भरल्यानंतरचा शुक्रवार

मुलांनो, काल फोनवर तुम्ही सांगितलंत, युरोपातल्या दोन विजेत्या क्लबांचा सामना येतोय आणि तुम्ही तो मैदानात जाऊन बघणार आहात. मग हसत विचारलंत, "आजी, तुला फुटबॉल कळतो का?" थोडा कळतो. ज्यांच्यामुळे कळतो, त्यांच्याबद्दल मी तुमच्याशी कधी बोलले नाही. म्हणून आज लिहिते.

त्यांची सवयच होती, उजवा तळहात समोर धरायचा आणि म्हणायचं, "शिट्टी कुठे झालीय अजून?" बँकेत रांग मोडणाऱ्याला, ब्रह्मा घाटावर दक्षिणेवरून भांडणाऱ्या दोन भटजींना, सगळ्यांना तोच हात. रविवारी ते शाळांच्या सामन्यांत पंच असत, म्हणून गल्ली त्यांना रेफ्रीजी म्हणे. एकटेच राहत, आमच्या खालच्या अंगाला, अगदी घाटाला लागून.

गंगा चढली की खालची घरं रिकामी होत. प्रत्येकाचं वरचं एक घर ठरलेलं. रेफ्रीजींचं आमचं.

नव्वदच्या दशकाच्या अखेरचा तो ऑगस्ट. असाच विजेत्यांचा सामना शुक्रवारी होता. पुरामुळे नावा बंद, मल्लाह रिकामे. रेफ्रीजींनी त्या सगळ्यांना सामना बघायला बोलावून ठेवलेलं. आणि पाणी त्यांच्या उंबऱ्याला लागलं. कुरकुरत वर आले.

"तुमचे ते गोरे वर येऊन नाहीत का खेळत?" तुमच्या आजोबांनी चिडवलं.

"केबलची तार वर येत नाही ना, भाऊसाहेब!"

पूर देवळाच्या पायरीला टेकला की आम्ही मराठी बायका गंगेची ओटी भरतो. माहेरवाशीण ओटी घेऊन निघते, तशी तीही निघते म्हणतात. बुधवारी आम्ही खण-नारळ वाहिला. गुरुवारी पाणी खरंच हातभर उतरलं. शुक्रवारी सकाळी मात्र ते तिथेच थबकलं. कुत्री खालच्या गल्लीत पाऊल टाकेनात. भिंती फुगल्या होत्या.

दुपारी रेफ्रीजी झाडू घेऊन निघाले.

"आज नको," मी म्हटलं. "भिंतींचा भरवसा नाही."

"वहिनी, ओटी भरलीत ना? मग निघाली ती. चिखल काढून टीव्ही लावून ठेवतो. मल्लाह लोग आएँगे, उन्हें कहाँ बिठाऊँ?"

"इथे बसवा. रेडिओ लावू."

"रेडिओवर गोल दिसतो का?" हसत उतरले.

चहा ठेवून मी खिडकीशी आले, तर पाणी पुन्हा चढत होतं. अजिबात आवाज न करता. मी ओरडून हाक मारली.

"आलो, आलो! एवढी तार गुंडाळतो."

त्यांच्या घराची नदीकडची भिंत आधी बसली, मग छप्पर. मल्लाहांनी बंदी मोडून नावा काढल्या. ते सापडले नाहीत. सामना कोणी जिंकला, हे गल्लीत कोणी विचारलं नाही.

ओटी आम्ही अजून भरतो. पण तेव्हापासून ती भरली की वरच्या घरचं माणूस खालच्या घराला कुलूप घालतं, आणि पाणी घाट सोडून पूर्ण उतरेपर्यंत किल्ली कोणालाही देत नाही. ही रीत उरली आहे.