बाबांच्या राजाची उडी

बाबांच्या पहिल्या स्मृतिदिनी मी चारचौघांत बुद्धिबळ खेळले. त्यानंतर मला कुणी बोलावलेलं नाही.

आमचे बाबा म्हणजे खामगावातल्या आमच्या बुद्धिबळ मंडळाचे गुरुजी. त्यांच्यासमोर कुणी तोंडात पान ठेवून बोलत नसे. डावावरून भांडण झालं की एकच उपाय, "गुरुजीले इचारा!" म्हणून मंडळाने त्यांच्या आठवणीत सामना ठरवला, तेव्हा पटावर त्यांची मुलगीच बसणार, हे मी स्वतःच जाहीर करून टाकलं. (आईने फक्त "तुले जमते काय?" एवढं विचारलं. मी ऐकलंच नाही.) गुरुजींचं नाव राखायचं होतं!

समोर सत्तारचाचा. मंडळाचे सचिव, पेशाने शिंपी, बाबांचे जुने दोस्त. त्यांनी आधी मला खेळवलं, मग घेरलं आणि हळूच म्हणाले, "शह, बेटा."

मी मुळीच घाबरले नाही. राजा उचलला आणि घोड्यासारखा अडीच घरं उडवून प्याद्यांच्या आड नेऊन ठेवला!

"हे काय, बेटा?"

"उडी! राजाले डावात एकदा उडी मारता येते. देशी नियम हाय."

"देशीतबी शह बसल्यावर उडी नाई राह्यत. शह बसाच्या आंधी मारा लागते."

"बाबानं शिकवलं मले!" माझा आवाज चढला. "त्यायच्याच फोटोसमोर गुरुजीले खोटं पाडता काय?"

दोन ज्येष्ठ सभासद समजूत घालायला आले, त्यांना मी आल्या पावली परत पाठवलं. "राजा तिथंच राहीन! आमच्या घरी शह बसला का तो असाच उडे!"

"कोणाचा उडे?" चाचांनी विचारलं.

"बाबाचा."

"अन् तुहा?"

"माहा नाही. मोठ्याचाच राजा उडते."

"मंग इथं मोठा कोण? मी का तू?"

"आज मी बाबाच्या जागेवर बसली हावो!" (आहे की नाही बिनतोड?)

तेवढ्यात पहिल्या रांगेतून आई सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "अवं, तू जिंकाले लागली का त्यायचा राजा उडे! म्या किती सांगतलं, पोरीले फसवू नका. तं म्हणत, 'पोरीसंग हारलो तं मंडळात तोंड कसं दाखवू?'"

अख्खा हॉल हसून कोसळला. चाचा तर डोळे पुसत हसत होते. मला बाबांचा भयंकर राग आला, आणि त्याहून भयंकर अभिमान वाटला. म्हणजे गुरुजी माझ्याकडून हरत होते! पण राजा मी मागे घेतला नाही. पंचांनी तीनदा विनवलं, मी तीनदा नाही म्हटलं. शेवटी त्यांनी मला बाद केलं.

वडिलांच्याच स्मृतिसामन्यात लबाडीबद्दल बाद झालेली मंडळातली पहिली खेळाडू मी. लबाडी कुणाची, तर गुरुजींची. आणि ते मात्र हार घालून भिंतीवर आदरणीयच!