ईस्टरच्या सोमवारचा भोंगा

सगळ्यात आधी धनपती आजींचं नाव लिहिते, मग बाकीचं. पुढचं वाचून कुणाला थापा वाटल्या, कुणी मध्येच सोडून दिलं, तरी हे एक नाव वाचलं जावं. माझी लेक स्वरा आत्ता आतल्या खोलीत कार्टून बघत हसतेय, ते या बाईंमुळे.

आजी आमच्या शेजारी राहतात. नेदरलँड्समधल्या झूटरमेर गावातली जुनी बिल्डिंग, तिसरा मजला, समोर लांबलचक उघडी गॅलरी आणि गॅलरीत ओळीने दारं. आमच्या दाराला लागून त्यांचं दार. वय पंच्याहत्तरच्या पुढे. मूळच्या सुरीनामच्या, म्हणजे त्यांच्या पणजोबांना कधीकाळी बिहारकडून जहाजात घालून तिकडच्या उसाच्या मळ्यात नेलं होतं. त्यामुळे त्यांची हिंदी आपल्या सिनेमातली नाही, जुनी, गावाकडची, मध्येमध्ये डच शब्द घातलेली. पण मला डचपेक्षा तीच समजायची. मी इथे आले तेव्हा माझ्याशी पूर्ण वाक्य बोलणारं माणूस त्या एकट्याच.

आता माझ्याबद्दल. मी इचलकरंजीची. आठवीनंतर शाळा सुटली, मग शिवणकाम. अंगात येणं, बाहेरची बाधा वगैरे मी कधीच मानलं नाही. आमच्या गल्लीत एका काकूंच्या अंगात यायचं तेव्हा वडील मला म्हणायचे, "जा, तिला चहा नेऊन दे, उतरेल." आणि खरंच उतरायचं. मी त्या घरातली. पण घाबरट मात्र आहे. भुताला नाही... कागदाला, फोनला, टपालातून येणाऱ्या डच पत्राला. नवरा संतोष हेगमधल्या एका भारतीय हॉटेलात तंदूरवर आहे. तो घरी असला की धीर असतो, नसला की बेल वाजली तरी छातीत धस्स होतं.

या देशात एक पद्धत आहे. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी, बरोबर दुपारी बारा वाजता, देशभर धोक्याचा भोंगा वाजवून बघतात. मिनिटभर, दीड मिनिट, मग बंद. मला हे कुणी सांगितलंच नव्हतं. आमच्याकडे भोंगा म्हणजे गिरणीची पाळी सुटली. इथे पहिल्यांदा तो वाजला तेव्हा सगळं आभाळच ओरडतंय असं वाटलं. हा देश समुद्राच्या पातळीखाली आहे असं संतोषने सांगितलं होतं, ते नेमकं तेव्हा आठवलं. पाणी आलं! स्वराला काखोटीला मारलं, पासपोर्टची पिशवी घेतली आणि वरच्या मजल्याकडे पळत सुटले. जिन्यात धनपती आजी. कमरेवर हात ठेवून बघत होत्या.

"कहां जात है, बेटी?"

"पानी! पानी आ रहा है!"

त्या इतक्या हसल्या की त्यांना पायरीवर बसावं लागलं. "पानी नाही आवे है. हर महिना बजे है ई!"

तेव्हापासून दर पहिल्या सोमवारी बाराला पाच कमी असताना त्या आमची बेल वाजवायच्या, "अब बजी, डर मत," म्हणायच्या आणि भोंगा संपेपर्यंत दारात उभ्या राहायच्या. कोरोना आल्यावर बेल बंद झाली, पण गॅलरीतून स्वयंपाकघराच्या काचेवर टकटक करून पुढे जायच्या. ही आमची ओळख.

कोरोनाच्या दुसऱ्या वर्षीच्या ईस्टरची गोष्ट. हॉटेलात फक्त पार्सल चालू होतं. गुरुवारी संतोषची टेस्ट पॉझिटिव्ह आली. तो घरी आलाच नाही. हॉटेलच्या वरच्या खोलीत दुसरा आजारी कुक होता, तिथेच राहिला. व्हिडिओ कॉलवर म्हणाला, "चव गेली गं. तुझी आमटी आणि साबणाचं पाणी, आता दोन्ही एकच."

"आधी तरी कुठे वेगळं लागत होतं तुम्हाला?" मी म्हटलं. हसलो दोघं. फोन ठेवल्यावर मी रडले.

मी आणि स्वरा घरात क्वारंटाइन. कुणी आत यायचं नाही, आपण बाहेर जायचं नाही. त्यात एप्रिल असून थंडी अशी पडली की गारा आणि बर्फ. या घराच्या खिडक्यांवर लांबट जाळ्या आहेत, हवा येण्यासाठी. त्यातून सुरीसारखा वारा आत यायचा. मी काय केलं, सुपरमार्केटच्या जाहिरातींच्या कागदांच्या घड्या करून त्या जाळ्यांत कोंबल्या आणि वरून रुंद चिकटपट्टी मारली. सगळ्या खिडक्या. खोली छान गरम झाली. मला स्वतःचं कौतुक वाटलं.

स्वयंपाकघरात सिंकच्या वर जुना गॅस गीझर. कोरोनाच्या भीतीने मी दिवसभर गरम पाणी चालू ठेवायची. दाराच्या कड्या पूस, पडदे धू, स्वराला आंघोळ, मग दोघींना वाफ, मग काढा.

शनिवारी संध्याकाळी डोकं दुखायला लागलं. रविवारी स्वराला उलटी झाली. ती नुसती पडून राहिली, डोळे अर्धे मिटलेले. मला वाटलं, आला. कोरोना आला घरात. डॉक्टरांच्या नंबरवर फोन लावला, तुटक्या इंग्रजीत सांगितलं. तिकडून उत्तर आलं, पॅरासिटामॉल घ्या, श्वास लागला तर लगेच फोन करा, मंगळवारी टेस्ट. गीझरचं मी कशाला सांगेन? मलाच माहीत नव्हतं. त्या दुपारी दहा मिनिटं बाल्कनीत बसलो तर दोघींनाही बरं वाटलं. मी म्हटलं, काढा लागू पडला! म्हणून आत येऊन आणखी पाणी तापवलं...

सोमवारी सकाळी उठले तेव्हा पाय माझे नव्हतेच. स्वराला हाक मारली की ती "हं" म्हणायची, पण उशिरा. मी वाफेसाठी गीझरचा नळ सोडला, खाली बादली लावली, आणि पाणी भरेपर्यंत जरा टेकावं म्हणून दारापाशी जमिनीवर बसले. किती वेळ बसले, माहीत नाही.

बेल वाजली. मग दारावर थापा.

"बेटी! दरवाजा खोल!"

धनपती आजी. मी घाबरले. पंच्याहत्तरीची बाई, शुगर, आणि माझ्या घरात कोरोना. हिला काही झालं तर तिच्या मुलीला काय तोंड दाखवू? मी बसल्या जागेवरून ओरडले, "आजी, जाओ! कोरोना है घर में!"

"का बोले है?"

"कोरोना! मत आओ!"

"हम सुनत नाही. खोल!"

"आजी, आपके पैर पड़ती हूं, जाओ!"

मी उघडणार नव्हते. खरं सांगते, त्या क्षणी मला वाटत होतं की दार बंद ठेवणं हीच माझ्या हातून होण्यासारखी एक चांगली गोष्ट आहे. डोकं दाराला टेकवून डोळे मिटले. झोप फार गोड येत होती.

"बच्ची के दिखाव," त्या बाहेरून म्हणाल्या. "बच्ची के दिखाव, हम चल जाइब."

मी म्हटलं, "सोयी है."

इथल्या दारांना खाली पत्र टाकायची फट असते, झाकणाची. ते झाकण वर झालं. गुडघे दुखतात म्हणून खुर्चीवरूनही हळू उठणारी बाई गॅलरीच्या थंड फरशीवर गुडघे टेकून फटीतून आत बघत होती. आतली कोंदट, गरम हवा तिच्या तोंडावर गेली असणार, स्वयंपाकघरात गीझरची ज्योत दिसली असणार, आणि पाण्याचा आवाज... नाही, आवाज नसणार. त्याचं पुढे सांगते. मला फक्त तिचे डोळे दिसले आणि मग ओरडणं.

"गाइझर! गाइझर बंद कर! खोल, पगली, बच्ची मर जाई!"

तो शेवटचा शब्द कानात गेला. कडी काढायला किती वेळ लागला सांगता येणार नाही, बोटं ऐकत नव्हती. दार उघडल्यावर त्या मला ओलांडून आत गेल्या. नळ बंद केला, बाल्कनीचं दार सताड उघडलं, स्वराला काखेत धरून ओढत गॅलरीत आणलं, मग मला. बाहेर बर्फाची भुरभुर होती. स्वराचं डोकं त्यांच्या मांडीवर, त्या तिच्या गालावर चापट्या मारत होत्या आणि खालच्या मजल्यावरच्या डच पोराच्या नावाने हाका मारत होत्या. त्यानेच ॲम्ब्युलन्सला फोन केला.

फायर ब्रिगेडवाले यंत्र घेऊन आत गेले आणि लगेच बाहेर आले. एकाने खिडकीवरची पट्टी दाखवत विचारलं, हे कुणी केलं? मी शाळेत करतात तसा हात वर केला. महिनाभरापूर्वी घरमालक संस्थेचं पत्र आलं होतं, त्यात त्या जाळीचं चित्र होतं, ती बुजवू नका म्हणून. संतोष दमून यायचा म्हणून विचारलं नाही. वाचता आलं नाही म्हणून ड्रॉवरमध्ये ठेवलं. हे लिहिताना अजून कान तापतात माझे.

हॉस्पिटलमध्ये दोघींना ऑक्सिजन. दोघींची कोरोना टेस्ट निगेटिव्ह! गीझरचा विषारी वायू होता, वास नसलेला. डॉक्टर म्हणाल्या, अजून थोडा वेळ गेला असता तर... स्वराने संध्याकाळी डोळे नीट उघडले आणि डचमध्ये चीज मागितलं. मी तिला मराठीत शंभर प्रश्न विचारले, तिने फक्त चीजच मागितलं. त्या दिवशी मला तेवढं पुरलं.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते.

घरी आल्यावर मी आजींना विचारलं, तुम्हाला कळलं कसं? त्या म्हणाल्या, कळलं कुठे, भोंगा वाजला ना!

महिन्याचा पहिला सोमवार होता हे खरं. पण ईस्टरचा सोमवार, सुट्टी. सुट्टीच्या दिवशी भोंगा वाजवत नाहीत, आणि हे मला आजींनीच कधीतरी सांगितलं होतं. म्हणूनच त्या दिवशी त्या काचेवर टकटक करायला आल्या नव्हत्या. त्या भात गाळत होत्या. बारा वाजता भोंगा सुरू झाला. "हम सोचली, आज तो छुट्टी, काहे बजे है?" दीड मिनिट झालं, दोन झाली, थांबेचना. तेव्हा त्यांना वाटलं, ही पोरगी घाबरून पुन्हा जिन्यात पळेल, नवरा घरी नाही. म्हणून बाहेर आल्या. दारावर थापा मारताना, फटीतून बघताना, भोंगा वाजतच होता म्हणे. मी कडी काढली आणि बंद झाला.

मी त्या दारामागे होते. मला काही ऐकू आलं नाही.

खालच्या डच मुलाला विचारलं. तो सकाळपासून घरीच होता. नाही, म्हणाला, आज कसा वाजेल? संतोषने बरा झाल्यावर नगरपालिकेला फोन करून विचारलं. नाही, त्या दिवशी कुठेच वाजवलेला नाही.

मी म्हटलं, त्या वायूने कानात आवाज येत असतील. डॉक्टरांना विचारलंही. त्या म्हणाल्या, येऊ शकतात, पण ज्याच्या अंगात वायू गेला त्याला. आजींच्या घरातही फायर ब्रिगेडवाल्यांनी यंत्र फिरवलं होतं, तिथे काहीच नव्हतं. मग म्हटलं, सवयीने भास झाला असेल. तेव्हा आजींची मुलगी शीला आली होती. म्हणाली, आईचं कानाचं मशीन त्या दिवशी माझ्याकडे होतं, दुरुस्तीला नेलेलं. त्याच्याशिवाय तिला दारावरची बेलसुद्धा ऐकू येत नाही. म्हणजे मी आतून जिवाच्या आकांताने कोरोना कोरोना ओरडत होते, ते त्यांना खरंच ऐकू येत नव्हतं. आणि भोंगा येत होता!

आजी स्वतः आर्यसमाजी. भूत, संकेत, काही मानत नाहीत. मी फार खोदून विचारलं की चिडतात. "बजल रहा. हम सुनली. बस."

पुढच्या महिन्यातल्या पहिल्या सोमवारी मी स्वराला जवळ घेऊन बसले. बारा वाजता भोंगा वाजला, थांबला. स्वराने खेळण्यातून मानही वर केली नाही. डचमध्ये म्हणाली, "मम्मा, हा छोटा होता. आजी आली तेव्हाचा किती मोठा होता!"

तिला पुन्हा विचारायची हिंमत मला आजवर झालेली नाही. विचारलं आणि तिने आणखी काही सांगितलं तर?

तुमच्यापैकी शिकलेली, इंजिनियर मंडळी खूप आहेत. कुणाला याचं उत्तर माहीत असेल तर जरूर लिहा, मी समजून घ्यायचा प्रयत्न करीन.

आजी आता फार चालत नाहीत. शीला अल्मेरला माझ्याकडे राहायला चल म्हणून त्यांच्या मागे लागली आहे, त्या हटून बसल्यात. कुणाची मदत घेणं त्यांना आवडत नाही, मी भाजी दिली तरी डबा दारातूनच घेतात आणि मला वाटेला लावतात. पण एक दिवस असा येईल की त्या आत पडलेल्या असतील आणि आतूनच मला म्हणतील, "जा बेटी, हम ठीक हई." आजी, तेव्हा मी जाणार नाही. तुम्ही कितीही रागवा, मला ऐकू येणार नाही. गुडघ्यावर बसेन, दार उघडायला लावीन, आणि तुम्हाला उचलून बाहेर आणीन. हा माझा शब्द.